दिसलं, पण कळेपर्यंत…
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझा एक जुना विद्यार्थी दिवाळीला भेटायला आला होता. जालन्यात भंगार वितळवून सळया करणारे कितीतरी कारखाने आहेत, त्यांपैकी एकात तो काम करतो. उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला होता. लालबुंद सळई रोलरमधून निघता निघता वाट सोडून उसळली होती. मी विचारलं, "दिसली नाही का रे?" तो म्हणाला, "दिसली की, सर. पण दिसली हे कळेपर्यंत ती अंगावर आली होती."

दिसणं आणि कळणं यांच्यामधली ही जी फट आहे, तिच्याबद्दल आज बोलायचं आहे.

साधा हिशेब करू. सळई सेकंदाला दहा मीटर धावते असं धरा. माणसाला दिसलेलं कळून हात मागे घ्यायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात सळई दोन मीटर पुढे गेलेली असते. मग कॅमेरा लावावा, तर नेहमीचा कॅमेरा सेकंदाला पंचवीस चित्रं घेतो. दोन चित्रांच्या मधल्या वेळात सळई चाळीस सेंटिमीटर सरकते. शिवाय प्रत्येक चित्रात तीच भिंत, तेच खांब पुन्हा पुन्हा टिपले जातात आणि संगणक ते सगळं पुन्हा पुन्हा तपासत बसतो.

आता पावसाळ्यात ओट्यावरच्या दिव्याखाली बसलेला बेडूक आठवा. किडा हलला की जीभ बाहेर. पण मेलेला किडा समोर पडला असेल, तर बेडूक ढुंकूनही पाहत नाही. बेडकाचा डोळा मेंदूला आख्खं चित्र पाठवत नाही, तर हालचालींसारख्या मोजक्या गोष्टींचीच वर्दी देतो, हे अमेरिकेतल्या लेटविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली दाखवून दिलं. पुढे कॅलिफोर्नियात मिशा महोवाल्ड आणि कार्व्हर मीड यांनी सिलिकॉनचा डोळा घडवला. २००८ साली झुरिकच्या संशोधकांनी असा एक कॅमेरा मांडला, की त्यातला प्रत्येक ठिपका स्वतंत्र पहारेकरी असतो. आपल्या जागी उजेड ठरावीक प्रमाणात वाढला किंवा घटला तरच तो बोलतो, नाहीतर गप्प. बोलतो तेही मोजकंच: कुठे, केव्हा, वाढला की घटला. चांगल्या उजेडात तो सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी पंधरा भागांत वर्दी देऊ शकतो. तेवढ्या वेळात आपली सळई अर्धा मिलिमीटरही सरकत नाही!

पण वर्दी मिळाली म्हणजे अर्थ कळला असं नाही. कारखान्यात ठिणग्या उडतात, वाफ निघते, दिवे लुकलुकतात. प्रत्येक ठिणगी म्हणजे एक वर्दी. यातून सळई कशी ओळखायची?

त्यासाठी मेंदूचीच रीत उचलली आहे. तळाला बारीक भोक असलेली एक बादली डोळ्यांसमोर आणा. वर्दी आली की तिच्यात थोडं पाणी पडतं. थेंब सावकाश आले तर गळून जातात. भराभर आले तर बादली भरते, कलंडते, रिकामी होते आणि पुढच्या बादल्यांना आपलं पाणी देते. कृत्रिम मज्जापेशी ती हीच. एकटी ठिणगी गळून जाते. सळईची कड मात्र शेजारच्या ठिपक्यांना ओळीनं जागं करत जाते आणि बादली भरते. म्हणजे इथे गळती हा दोष नाही, तोच गुण आहे. कुठल्या पन्हाळीतून किती पाणी सोडायचं हे ठरवणं, म्हणजेच या जाळ्याचं शिक्षण.

हे शिक्षण सोपं नाही. बादली कलंडते किंवा कलंडत नाही, मधली अवस्थाच नाही. त्यामुळे थोडं थोडं सुधारत नेण्याची नेहमीची पद्धत अडते. त्यावर तोडगा असा, की शिकवताना तिथे हलका उतार आहे असं मानायचं आणि प्रत्यक्ष काम करताना तो काढून टाकायचा.

बचत कुठे होते? वर्दी नाही तर काम नाही, आणि काम नाही तर वीज नाही. २०१४ साली आयबीएमनं दहा लाख कृत्रिम पेशींची चिप केली, ती चालताना जेमतेम सत्तर मिलिवॅट घेत होती. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदयन गांगुली यांचा गट कमी विजेवर चालणाऱ्या अशा पेशी घडवण्याचं काम करतो, तर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. चेतन सिंग ठाकूर यांचा गट मेंदूच्या धर्तीवरच्या चिप्सवर काम करतो. मात्र एक लक्षात ठेवावं. हेच जाळं साध्या संगणकावर चालवलं, किंवा वर्द्यांचा पूर आला, तर ही बचत बरीचशी वाहून जाते.

हे सगळं मी त्या विद्यार्थ्याला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, कॅमेऱ्याला कळलं तरी सळईला थांबवणार कोण?"

प्रश्न बिनतोड होता. वर्दी पोचून, यंत्र बंद होऊन, फिरते रोलर थांबेपर्यंत वेळ जातोच. यंत्राचा डोळा कितीही चपळ असला, तरी लोखंडाचा वेग काही त्याचं ऐकत नाही. म्हणून रोलरपुढची भक्कम जाळी, माणसानं उभं राहायची ठरलेली जागा आणि हातातले मोजे यांना पर्याय नाही. डोळा त्यांच्या जोडीला यावा, त्यांच्या जागी नव्हे. जाळीचा खर्च वाचवण्यासाठी कुणी कॅमेरा दाखवू लागलं, तर कामगारानं आधी जाळी मागावी.

निघताना मी त्याला तेच विचारलं, "जाळी बसवली का रे आता?"

"बसवली, सर," तो म्हणाला, "माझ्या हातानंतर."