मद्यमुक्तीस सोबत हवी



घरातील कोणी दारूच्या आहारी गेला की आपल्या समाजात प्रथम दार लावून घेतात. मुलीचे लग्न अडेल ही धास्ती! शपथा होतात, गंडेदोरे होतात. माणूस मात्र एकटाच राहतो.

मे १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन शहरी बिल विल्सन नावाचा शेअर दलाल धंद्यात अपयश येऊन हॉटेलात उतरला होता. दारू सोडून काही महिनेच लोटले होते. मन पुन्हा बाटलीकडे ओढू लागले. त्याने एका पाद्र्यास दूरध्वनी केला, पण तो उपदेशासाठी नव्हे, तर आपल्यासारखाच दुसरा मद्यपी गाठून देण्यासाठी! अशा रीतीने डॉक्टर बॉब स्मिथ भेटले. थोडा वेळ बसू म्हणून आलेले ते शल्यविशारद कित्येक तास बोलत राहिले. 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'चा उगम तो हाच. १९५७ पासून मुंबईतही तिच्या सभा भरू लागल्या.

तेथे शुल्क नाही. आडनावही विचारीत नाहीत, मग ज्ञाती कोठून विचारणार! 'आजचा दिवस पिणार नाही', एवढाच निश्चय. पोळलेल्याचे बोलणे पोळलेल्यास पटते, असे आम्हांस वाटते.

मात्र दीर्घकाळ पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडल्यास झटके व भ्रम होऊन प्राणावर बेतू शकते. म्हणून आधी डॉक्टरांस दाखवावे.

कुटुंबीयांसाठी 'अल्-ॲनॉन'च्या निराळ्या सभा असतात. पती येवो वा न येवो, भगिनींनी तेथे अवश्य जावे.