दूरदेशीच्या बालकाचे पालकत्व
(श्रीमठाच्या वर्धापन महोत्सवातील व्याख्यानाचा पाठ)



महाभारताच्या आदिपर्वात शकुंतलेचे आख्यान आहे. मेनकेने मालिनी नदीच्या तीरी टाकून दिलेले एक अर्भक निर्जन वनात पडले होते. पक्ष्यांनी भोवती कडे करून श्वापदांपासून त्याचे रक्षण केले. कण्वमुनींच्या दृष्टीस ते पडले, तेव्हा त्यांनी ते आश्रमात आणून कन्या म्हणून वाढविले. या आख्यानात धर्माचा एक निर्णय सांगितलेला आहे. जो देह देतो तो पिता, जो प्राण राखतो तोही पिता, आणि ज्याचे अन्न खाऊन मूल वाढते तोही पिताच होय. शास्त्राने पितृत्व असे रक्तापुरते ठेवले नाही, ते अन्नापर्यंत आणून पोहोचविले. परंतु याच कथेतील दुसरी गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. मुनींनी त्या कन्येला नाव दिले ते स्वतःवरून नव्हे. शकुंत म्हणजे पक्षी, त्यांनी राखली म्हणून ती शकुंतला. अन्न घालणाऱ्याने आपल्या आधी ज्याने राखले त्याचे ऋण मुलाच्या नावातच जपले. अन्नदात्याचे पितृत्व कोठवर जाते आणि कोठे थांबते, हे या एका नामकरणात दिसते.

आजच्या काळी या अन्नदात्या पित्याने सात समुद्र ओलांडले आहेत. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांतील एखादे कुटुंब एखाद्या सेवासंस्थेकडे दरमहा ठराविक रक्कम भरते. संस्था आशिया, आफ्रिका अथवा दक्षिण अमेरिकेतील एका निर्धन बालकाचे नाव व छायाचित्र त्या कुटुंबास पाठविते. बालकाची शाळा, पुस्तके, औषधपाणी यांस साहाय्य होते आणि दोघांमध्ये पत्रव्यवहार सुरू होतो. परदेशी वसलेल्या आपल्या मुलानातवंडांच्या घरीही अशी आवाहने पोहोचतात. यास्तव या दानाचे स्वरूप, त्याचे गुण आणि त्याचे दोष भक्तमंडळींनी समजून घेणे अगत्याचे आहे.

या प्रथेचा उगम युद्धाच्या राखेत आहे. पहिले महायुद्ध १९१८ च्या नोव्हेंबरात थांबले, तरी जर्मनी व ऑस्ट्रिया यांची नाकेबंदी त्यानंतरही काही महिने चालूच राहिली आणि तेथील मुले अन्नावाचून खंगू लागली. एग्लंटाइन जेब या इंग्रज विदुषीने १९१९ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात त्या मुलांची दुर्दशा सांगणारी पत्रके वाटली. त्याबद्दल त्यांच्यावर खटला होऊन पाच पौंड दंड झाला. खटला चालविणाऱ्या सरकारी वकिलांनीच दंडाइतकी रक्कम त्यांच्या हाती ठेवली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. त्याच वर्षी जेब आणि त्यांच्या भगिनी डोरोथी बक्स्टन यांनी ‘सेव्ह द चिल्ड्रन फंड’ ही संस्था स्थापन केली. कालपर्यंत ज्या राष्ट्राशी प्राणांतिक युद्ध चालले होते, त्याच राष्ट्राच्या मुलांसाठी झोळी पसरावयाची, हे धैर्य सामान्य नव्हे. जेब यांनी लिहिलेला बालकांच्या हक्कांचा जाहीरनामा पुढे १९२४ मध्ये राष्ट्रसंघाने स्वीकारला.

एका दात्याची एका बालकाशी गाठ घालून देण्याच्या पद्धतीस मोठे चालन मिळाले ते स्पेनच्या यादवी युद्धात. जॉन लँग्डन-डेव्हिस या इंग्रज पत्रकारास तेथे एक लहान मुलगा आढळला. त्याच्यापाशी पित्याची चिठ्ठी होती. सांतांदेर नगर शत्रूच्या हाती पडताच आपला वध होणार हे त्या पित्याने ओळखले होते. ज्याला हे मूल सापडेल त्याने त्याचा सांभाळ करावा, एवढीच त्याची विनवणी होती. या प्रसंगातून १९३७ मध्ये ‘फॉस्टर पेरेंट्स प्लॅन’ ही योजना निघाली. पुढे कोरियाच्या युद्धातील अनाथांसाठी १९५२ मध्ये ‘कम्पॅशन’ या अमेरिकन ख्रिस्ती संस्थेचे कार्य सुरू झाले. आपल्या देशाचाही या इतिहासात भाग आहे. १९७२ मध्ये इंग्लंडात ‘ऍक्शनएड’ या संस्थेचा प्रारंभ झाला, तो ८८ दात्यांनी भारत व केनिया येथील ८८ बालकांचा भार उचलून.

या दानाचे फळ काय, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनीही विचारला. ब्रूस वायडिक, पॉल ग्लूव्ही आणि लेन रटलेज यांनी भारत, केनिया, युगांडा, फिलिपाइन्स, ग्वाटेमाला व बोलिव्हिया या सहा देशांत ‘कम्पॅशन’च्या साहाय्याने वाढलेली मुले प्रौढ झाल्यावर त्यांची पाहणी केली. दहा हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती तपासून त्यांचा निबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. साहाय्य मिळालेल्या मुलांचे शिक्षण इतरांपेक्षा सरासरी एक ते दीड वर्ष अधिक झाले आणि माध्यमिक शिक्षण पुरे करणाऱ्यांचे प्रमाणही शेकडा बारा ते अठरांनी वाढले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. दूरच्या अनोळखी हाताने दिलेले अन्न वाया जात नाही, याची ही साक्ष होय.

तथापि नाण्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे सत्यनिष्ठेला शोभणार नाही. १९८२ मध्ये ‘न्यू इंटरनॅशनलिस्ट’ या इंग्रजी मासिकाने एक संपूर्ण अंक काढून, अशा पालकत्वाचा मोह टाळा, असे वाचकांस कळकळीने विनविले. एका मुलाला वस्त्र मिळते व शेजारच्या मुलाला मिळत नाही, तेव्हा एकाच अंगणात मत्सराचे बीज पडते. उपकाराच्या पत्रांनी मुलाची मान लहानपणीच वाकते. आणि ज्याला पोराचे पोट भरता येत नाही तो बाप पोरासमोर खाली मान घालून उभा राहतो. हे आक्षेप आजही विचारात घ्यावे असे आहेत. १९९८ मध्ये शिकागोच्या एका वृत्तपत्राच्या प्रतिनिधींनी निरनिराळ्या संस्थांमार्फत बारा बालकांचे पालकत्व घेऊन प्रत्यक्ष शोध केला. आफ्रिकेतील माली देशातली त्यांपैकी एक मुलगी वीज पडून मरण पावली होती. परंतु तिच्या मृत्यूनंतरही दीर्घकाळ तिच्या नावाने वर्गणी घेतली जात होती. दाता ज्या मुखाकडे पाहून द्रव्य देत होता ते मुख या जगात उरलेच नव्हते. या शोधानंतर अनेक संस्थांना आपले व्यवहार तपासणे भाग पडले.

हा दोष केवळ अप्रामाणिकपणाचा मानला तर निदान अपुरे राहील. त्याचे मूळ दात्याच्या मनातही आहे. दात्याला मुलाचे पोट भरल्याचे समाधान पुरत नाही. त्याला ‘माझे मूल’ हवे असते. ही ममता ओळखूनच संस्था छायाचित्रे पाठवितात. प्रत्यक्षात आज बहुतेक मोठ्या संस्था जमलेले द्रव्य एका मुलाच्या हाती न देता गावाची विहीर, शाळा, दवाखाना यांवर खर्च करतात. छायाचित्रातील मूल हे त्या गावाचे प्रतीक असते. हे कळल्यावर काही दाते खट्टू होतात आणि वर्गणी थांबवितात. पण विचार केला तर हीच पद्धत अधिक धर्म्य आहे, आणि मराठी माणसाला ती अपरिचितही नाही.

आपल्याकडे निर्धन विद्यार्थी वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असा आठवडा सात घरांत विभागला जाई. कोणी माधुकरी मागून आणी. अशा अन्नावर शिकून कितीतरी शास्त्री, वकील व शिक्षक तयार झाले. पुण्यात १९०९ मध्ये स्थापन झालेले अनाथ विद्यार्थी गृह हेही अशाच मुलांसाठी उभे राहिले. या व्यवस्थेला मर्यादा होत्या. ती बहुधा ब्राह्मणांच्या मुलांपुरतीच राहिली, आणि कोठे कोठे यजमानीणबाईंच्या बोलण्याचे घाव त्या मुलांना आयुष्यभर विसरता आले नाहीत. परंतु तिच्यात एक मोठे शहाणपण होते. अन्न सात घरांचे असल्यामुळे कोणत्याही एका घराला, हा मुलगा आमच्यामुळे शिकला, असे म्हणता येत नसे. उपकार सात ठिकाणी वाटला गेला की तो हलका होतो. मुलाचे ऋण मग कोणा एका व्यक्तीकडे न राहता समाजाकडे राही, आणि मोठेपणी आपल्या दारी दुसऱ्या मुलाचा वार लावून त्याला ते फेडता येई.

दूरदेशीच्या मुलाला अन्न घालताना ते मूल आपले करून न घेण्याचा उत्तम दाखला आपल्याच भूमीवर घडला आहे, आणि बेळगाव-कोल्हापूरकडच्या भक्तांना तर तो अगदी जवळचा आहे. दुसऱ्या महायुद्धात रशियाच्या दूरदूरच्या प्रदेशांत हद्दपार झालेली पोलिश कुटुंबे व अनाथ मुले इराणमार्गे हिंदुस्थानात आली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये बालाचडी येथे शेकडो मुलांना आश्रय दिला. त्यांच्या योगक्षेमासाठी संस्थानिक व दानशूर नागरिक यांच्याकडून निधी जमला. १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत वसली. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती. ती वसाहत १९४८ पर्यंत टिकली, आणि पुढे त्याच जागी फाळणीने बेघर झालेले सिंधी बांधव येऊन गांधीनगर वसले.

या दोन्ही ठिकाणी त्या मुलांना शिक्षण मिळाले ते त्यांच्या पोलिश भाषेतून. त्यांच्यासाठी त्यांच्याच धर्माचे उपाध्याय होते, त्यांचे सणवार होते, त्यांचा ध्वज होता. जामसाहेब त्या मुलांना पित्याच्या ठायी होते, तरी त्यांनी मुलांचा देव बदलला नाही, की भाषा बदलली नाही. आज वॉर्सा नगरात ‘सज्जन महाराजा’ या नावाचा चौक आहे, तेथील एक शाळाही जामसाहेबांच्या नावाने चालते. मागितले असते तर एवढे प्रेम मिळाले नसते.

या दाखल्याच्या प्रकाशात अलीकडची एक घटना पाहावी. विदेशातून येणाऱ्या देणग्यांचे नियमन करणाऱ्या २०१० च्या कायद्यानुसार भारत सरकारने २०१६ मध्ये ‘कम्पॅशन’च्या द्रव्याला पूर्वपरवानगीची अट घातली. धर्मांतरास साहाय्य होत असल्याचा संशय सरकारपक्षाने व्यक्त केला. संस्थेने तो नाकारला. मार्च २०१७ मध्ये संस्थेने भारतातील कार्य बंद केले, तेव्हा सुमारे १,४५,००० बालकांचे साहाय्य थांबले. या वादाचा निवाडा या व्यासपीठावरून करण्याचे कारण नाही. परंतु त्यातून निघणारा प्रश्न मठाच्या शिष्यवर्गानेही स्वतःस विचारावयाचा आहे. दान आणि दात्याची श्रद्धा एकाच ताटात वाढली गेली असा नुसता संशय आला, तरी ताट उचलले जाते, आणि उपाशी राहते ते मूल. उद्या आपल्यापैकी कोणी आफ्रिकेतल्या वा नेपाळातल्या एखाद्या बालकाचा भार उचलला, तर त्याने आपले स्तोत्र म्हणावे अशी इच्छा मनात डोकावेल. ती इच्छा शुद्ध भक्तीची वाटेल. तरीही ती आवरली पाहिजे. परक्याने आपल्या मुलांशी जसे वागू नये असे आपणांस वाटते, तसे आपण परक्याच्या मुलांशी वागता कामा नये.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेड ज्याच्याकडून व्हावयाची नाही अशाला, योग्य स्थळी व योग्य काळी, कर्तव्य म्हणून दिलेले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून वा जड मनाने दिलेले ते राजस. दूरदेशीचे बालक काही परत करू शकत नाही, म्हणून हे दान सात्त्विक होण्यास सर्वथा अनुकूल आहे. मात्र कृतज्ञतेची पत्रे वारंवार मागितली, छायाचित्र पाहुण्यांना दाखवून मोठेपणा मिरविला, की तेच दान नकळत राजस होते.

याकरिता ज्यांना हे पालकत्व घ्यावयाचे असेल त्यांनी आधी संस्थेचा हिशेब पाहावा. द्रव्य मुलाला मिळते की गावाला, मुलाचे आईबाप या व्यवस्थेत कोठे आहेत, त्याच्या धर्माला व भाषेला धक्का लागतो काय, आणि मूल गाव सोडून गेले वा दुर्दैवाने दगावले तर दात्यास खरे वृत्त कळते काय, हे निःसंकोच विचारावे. अशी विचारपूस म्हणजे अविश्वास नव्हे. तैत्तिरीय उपनिषदानेही श्रद्धेने द्यावे असे सांगताना जाणीवपूर्वक द्यावे असेही सांगितले आहे. एकदा सुरू केलेले साहाय्य मुलाचे शिक्षण पुरे होईपर्यंत थांबवू नये. अर्ध्यावर सोडलेले व्रत जसे दोषास्पद, तसेच हेही. पत्र लिहावे ते मुलाची विचारपूस करण्यासाठी, स्वतःचे दातृत्व सांगण्यासाठी नव्हे. उत्तर आले नाही तरी वर्गणी चुकू देऊ नये. आणि दूरच्या मुलाकडे पाहताना आपल्याच गल्लीतले शाळा सोडलेले मूल दृष्टीआड होऊ देऊ नये. समुद्रापलीकडचे मूल छायाचित्रातून हसते म्हणून ते सोपे वाटते. शेजारचे मूल रोज दारात उभे राहते म्हणून ते कठीण वाटते. धर्माच्या दृष्टीने दोघांची भूक एकच आहे.

कण्वांच्या घरी वाढलेली कन्या पतिगृही गेली आणि तिचा पुत्र भरत चक्रवर्ती झाला. त्याच्या नावाने हा देश ओळखला जातो. त्या नावात कण्व कोठेच नाहीत, आणि आश्रमातले अन्न मात्र त्याच्या मुळाशी आहे. अन्न घालून असे मागे सरण्याची बुद्धी श्रीगुरुकृपेने आपणां सर्वांस लाभो.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥