चोपदाराचा दंड आणि नाक्यावरची काठी

आम्ही चौथी शिकलेलो, औत हाकणारे. कीर्तनाला उभं राहतो एवढंच. शंभरीच्या सोहळ्यात मुंबईकर मंडळींपुढं चार शब्द बोला म्हणालात, म्हणून करोनाच्या सालाचं बोलतो.

2020 चा आषाढ आम्ही घाटकोपरला काढला, असल्फ्याच्या डोंगरावर, लेकाच्या खोलीत. वारी झाली नाही. माउलींच्या आणि तुकोबारायांच्या पादुका दशमीला, 30 जूनला, एस.टी.त बसून पंढरीला गेल्या. आपल्यातल्या पुष्कळांना राग आला. आम्हाला नाही आला. लाखो माणसं गावोगाव मुक्काम करत गेली असती, तर रोगही मुक्काम करत गेला असता. आम्ही खोलीतच हरिपाठ म्हटला.

सरकारनं काही केलंच नाही, असंही कुणी म्हणू नये. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानात हजारभर खाटा मांडल्या. गोरेगावच्या नेस्कोत प्रदर्शनं भरायची, तिथं दवाखाना झाला. पुढं मुलुंडला, दहिसरलाही झाला. तिथं राबलेल्या नर्सबाया आणि झाडूवाले यांच्या पायावर डोकं ठेवावं. बंदोबस्तातले पोलीसही कितीतरी गेले. ते कसं विसरायचं?

पण कायदा लावला तो 1897 चा, प्लेगाच्या वेळचा. त्याच साली पुण्यात घरं तपासायला गोरे सोल्जर घुसले होते. रोग खराच होता, पण माणसं रोगापेक्षा सोल्जरला जास्त भ्याली. आपल्याकडं तसं झालं नाही. थोडा वास मात्र आला.

एकादशी तीन दिवसांवर होती. 28 जूनला मुंबईत हुकूम निघाला, घरापासून दोन किलोमीटरपलीकडं जायचं नाही. खरेदी, फिरणं, सगळं तेवढ्यातच. दवाखान्याला सूट होती, कागदावर. आपल्या दिंडीतल्या एक माउली आमच्याच चाळीत. त्यांचं डायलिसिस मुलुंडला, आठवड्यातून तीनदा. लोकल आपल्यासारख्यांना बंद. शेजारच्या पोराच्या रिक्षातून निघाल्या तर एका नाक्यावर अडवलं. फाईल दाखवली, हाताची सूज दाखवली. नाक्यावरचा म्हणतो, "दोन किलोमीटर म्हंजे दोन किलोमीटर." रिक्षा जप्त. माउली दीड तास फुटपाथवर बसून, वरून पाऊस. शेवटी दुसऱ्या एका हवालदारानं गाडी थांबवून बसवून दिलं. तोही पोलीसच, बघा.

आता आपल्याकडचा कायदा आठवा. मुक्कामावर समाज आरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदार दंड उंच करतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. दंड कुणाच्या पाठीवर पडत नाही. पण एखाद्या दिंडीचं गाऱ्हाणं असलं, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. तिला कुणी दटावत नाही. चोपदार स्वतः चालत तिच्यापाशी जातात, काय झालं विचारतात. तक्रार ऐकली, निवाडा झाला, की मग शांतता. इतक्या जनसमुदायाला शिस्त आहे ती यामुळं. नाक्यावर त्या माउलीनं टाळ कुठं वाजवायचा होता?

लोकांनी आरडाओरड केल्यावर पाच-सहा दिवसांत हुकूम बदलला. दोन किलोमीटर गेलं, "आसपासचा परिसर" आलं. त्या पोराची रिक्षा मात्र पुढं आठवडाभर ठाण्याच्या आवारात भिजत होती, आणि माउलीला न्यायला आम्ही रोज सकाळी नवा रिक्षावाला शोधत होतो.