ख्रिस्ती माणूस, राजकारण आणि शेजार

१ जानेवारी १९३८. नव्या वर्षाचा पहिला दिवस ख्रिस्ती घरांत उपासनेचा आणि भेटीगाठींचा असतो. त्या दिवशी सोलापुरात ख्रिस्ती समाजाच्या सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला उभे राहिले. आपण हिंदू म्हणून मरणार नाही, ही येवल्याची घोषणा होऊन दोन वर्षं उलटली होती आणि ते कोणत्या धर्मात जातील याकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपल्या मनाचा ठाव घेतला, असं त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. सभेला आनंद वाटला असणारच. पण बाबासाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत.

त्यांनी समोरच्यांना खडसावलं. तुमच्यात शेकडो मुलंमुली मॅट्रिक झाली आहेत. पण मुलगी नर्स झाली, मुलगा मास्तर झाला, की ती आपापल्या संसारात गुंततात. अस्पृश्य समाजातून आलेल्या अडाणी ख्रिस्ती बांधवांवर अन्याय होतो, त्यासाठी कोणी उठत नाही. इतक्या शिकलेल्या समाजातले न्यायाधीश किती, मॅजिस्ट्रेट किती? राजकारणाकडे पाठ फिरवल्याचं हे फळ आहे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना, मिशनचं वसतिगृह यांच्या सावलीत समाज निवांत राहिला आणि हक्कासाठी भांडायचं राहून गेलं.

राजकारण म्हणजे चिखल, आपण बरं आणि आपली प्रार्थना बरी, असं मानणारी माणसं आजही प्रत्येक मंडळीत, प्रत्येक धर्मग्रामात भेटतात. त्यामुळे सोलापूरचा तो प्रश्न जुना झालेला नाही.

समाज म्हणून तक्रार खरी असली, तरी एकेकट्या ख्रिस्ती माणसांनी मोठी कामं केली होती. मुंबईत माझगावच्या माथारपाखाडीत १८६४ साली जन्मलेले जोसेफ बॅप्टिस्टा हे त्यातलं ठळक नाव. अवघी मुंबई त्यांना काका बॅप्टिस्टा म्हणून ओळखायची. केंब्रिजला शिकून आलेला हा बॅरिस्टर लोकमान्य टिळकांचा निकटचा सहकारी होता. १९१६ साली बेळगावात होमरूल लीग स्थापन झाली, तेव्हा अध्यक्ष बॅप्टिस्टा आणि चिटणीस न. चिं. केळकर होते. १९२० साली आयटक ही देशातली पहिली मध्यवर्ती कामगार संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते, आणि १९२५ साली ते मुंबईचे महापौर झाले. टिळकांच्या सभेत सनातनी ब्राह्मण आणि कॅथलिक बॅरिस्टर एका व्यासपीठावर बसत होते, आणि आपला धर्म गुंडाळून ठेवायची गरज दोघांपैकी कोणालाही पडली नव्हती. बॅप्टिस्टांनी ख्रिस्ती लोकांपुरतं राजकारण केलं असतं, तर आज त्यांचं नाव माझगावच्या बाहेर कोणाला ठाऊक असतं?

मग ख्रिस्ती समाजानं एक गठ्ठा होऊन राजकारणात उतरावं का? या प्रश्नावर १९३१ साली लंडनला, दुसऱ्या गोलमेज परिषदेत, ख्रिस्ती प्रतिनिधींमध्येच उघड फूट पडली. तंजावरकडचे ए. टी. पन्नीरसेल्वम हे कॅथलिक, जस्टिस पक्षाचे पुढारी. त्यांना ख्रिस्ती लोकांसाठी स्वतंत्र मतदारसंघ हवा होता आणि तशीच मागणी करणाऱ्या अल्पसंख्याकांच्या करारावर त्यांनी सही केली. त्याच करारावर अस्पृश्यांच्या वतीनं बाबासाहेबांचीही सही होती. दुसरीकडे लाहोरचे डॉ. एस. के. दत्त हे प्रोटेस्टंट. त्यांनी सही करायला नकार दिला. पहिल्या परिषदेतले ख्रिस्ती प्रतिनिधी के. टी. पॉल यांनीही स्वतंत्र मतदारसंघाला विरोधच केला होता. एकाच प्रभूला मानणारी ही माणसं, देशाच्या सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नावर समोरासमोर उभी होती.

ती एकमेकांच्या विरोधात गेली, याचा खेद करायचं कारण नाही. पन्नीरसेल्वम यांना भीती होती की बहुसंख्याकांच्या लाटेत लहान समाज बुडेल. दत्त यांना भीती होती की वेगळी मतपेटी मागितली की माणूस कायमचा वेगळा पडेल. दोन्ही भीती खऱ्या होत्या. शुभवर्तमानात शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगितलं आहे, पण मतदारसंघ कसे आखावेत हे सांगितलेलं नाही. ते माणसांनी आपल्या अकलेनं ठरवायचं, आणि अक्कल चालवली की मतं वेगळी पडणारच.

वेगळ्या पेटीचा अनुभवही पुढं आला. १९३२ च्या जातीय निवाड्यानं ख्रिस्ती लोकांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. १९३७ साली मुंबई प्रांताची विधानसभा निवडली गेली, तिच्यात जागा होत्या १७५ आणि त्यांपैकी ख्रिस्ती लोकांसाठी ३. स्वतः बाबासाहेब याच सभागृहात निवडून आले होते. आता हिशेब करून पाहावा. तीन आमदार ख्रिस्ती मतांवर निवडून आले, हे खरं. पण उरलेल्या जवळजवळ सगळ्या आमदारांना ख्रिस्ती माणसाच्या मताची काडीचीही गरज उरली नाही. त्याच्या दारात मत मागायला येण्याचं, त्याच्या वस्तीतला नळ आणि रस्ता बघण्याचं कारणच संपलं. तीन जागांची खात्री मिळवताना बाकीच्या सभागृहावरचा वचक हातचा गेला.

ही किंमत ज्यांनी ओळखली, त्यांत डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी अग्रभागी होते. बंगालचे हे ख्रिस्ती प्राध्यापक संविधान सभेचे उपाध्यक्ष होते, डॉ. राजेंद्रप्रसाद नसत तेव्हा अध्यक्षांच्या खुर्चीवर तेच बसत. मद्रासकडचे जेझुइट धर्मगुरू फादर जेरोम डिसूझा आणि राजकुमारी अमृत कौर हेही त्या सभागृहात होते. मे १९४९ मध्ये, सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखालच्या सल्लागार समितीत, धार्मिक अल्पसंख्याकांसाठीच्या राखीव जागा रद्द कराव्यात असा ठराव मुखर्जींनीच मांडला. फाळणीची जखम ओली होती. अशा वेळी एका लहान समाजाच्या माणसानं स्वतःहून सांगितलं की आम्हाला वेगळ्या जागा नकोत, आम्ही सगळ्यांबरोबर उभे राहू. देशाच्या सार्वजनिक जीवनात ख्रिस्ती माणसानं टाकलेलं हे फार मोठं पाऊल आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला एक परिच्छेदही मिळू नये याचं वाईट वाटतं.

त्याआधी पाचच महिने, डिसेंबर १९४८ मध्ये, धर्माचा प्रचार करण्याचा हक्क मूलभूत हक्कांत असावा की नाही यावर याच सभागृहात कडाक्याची चर्चा झाली होती. लोकनाथ मिश्र यांनी कडवा विरोध केला. बाजूनं ठामपणे बोलले ते कन्हैयालाल मुन्शी आणि टी. टी. कृष्णम्माचारी, दोघेही हिंदू. आज पंचविसाव्या कलमात तो हक्क आहे, तो अशा मित्रांमुळेही आहे. ज्या समाजाची मतं मूठभर, त्याला असे मित्र जोडावे लागतात, आणि मित्र जोडायचे तर त्यांच्या सुखदुःखात आधी जावं लागतं.

या गोष्टीला एक दुखरी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. १९५० साली राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयीचा आदेश निघाला. त्यानं अनुसूचित जातींची सवलत हिंदूंपुरती ठेवली. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना ती मिळाली. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान आजही बाहेर आहेत. नगर, जालना, सोलापूर या पट्ट्यातला बहुतेक मराठी ख्रिस्ती समाज महार आणि मांग वस्त्यांतून आलेला आहे. बाप्तिस्मा झाला म्हणून गावानं त्यांना वेशीच्या आत घर दिलं नाही. कित्येक घरांत चर्चच्या नोंदवहीत एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं, अशी ओढाताण पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी बापाला आपला विश्वास कागदावर लपवावा लागतो. रंगनाथ मिश्र आयोगानं २००७ साली धर्माची ही अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ साली याच प्रश्नावर माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. मुंबई-वसईच्या सुखवस्तू धर्मग्रामांतून या प्रश्नासाठी किती जण रस्त्यावर आले, हा प्रश्न बाबासाहेबांनी आज विचारला असता, तर मान खाली घालावी लागली असती. चर्चच्या आतली जात हा तर ख्रिस्ती माणसाच्या राजकारणाचा पहिला धडा असायला हवा, कारण तिथं दोष द्यायला कोणी परका सापडत नाही.

दुसऱ्यासाठी उठणं कसं असतं याचं उदाहरण वसईतच आहे. केळीच्या बागा, पानवेली आणि फुलमळ्यांचा हा हिरवा पट्टा. नव्वदच्या दशकाच्या आगेमागे बिल्डरांची नजर त्याच्यावर पडली आणि विहिरींचं गोड पाणी टँकरनं उपसून विकलं जाऊ लागलं. हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि तिच्या पुढं उभे राहिले फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक. आंदोलन विहिरीचं होतं, आणि विहीर कुपारी ख्रिस्ती, वाडवळ, आगरी, आदिवासी अशा सगळ्यांचीच आटत होती, म्हणून मोर्च्यातही सगळे होते. धमक्या आल्या, फादर हटले नाहीत. पुढं २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, तेव्हा पाद्री अध्यक्ष कसा, असा गलका काहींनी केला. मराठी समाजानं तो मनावर घेतला नाही. वसईच्या पाण्यासाठी रस्त्यावर उतरलेला माणूस महाराष्ट्राला परका वाटला नाही.

इथं एक मर्यादा मात्र पाळली गेली. कॅथलिक धर्मसभेच्या १९८३ च्या कायद्यानुसार धर्मगुरूला सत्तेचं पद स्वीकारता येत नाही आणि पक्षाच्या राजकारणात सक्रिय होता येत नाही. हा नियम मोठा शहाणपणाचा आहे. फादर विहिरीसाठी बोलू शकतात, कारण विहीर आटली की सगळ्या पक्षांच्या घरांतले हंडे रिकामे राहतात. पण वेदीवरून त्यांनी एखाद्या चिन्हाचं नाव घेतलं, तर त्या क्षणी समोरच्या बाकांवरचे निम्मे लोक बेवारशी होतात. देशाचा कायदाही या बाबतीत कडक आहे. मुंबईतल्या सांताक्रूझ मतदारसंघाच्या १९९० च्या निवडणुकीवरून सुरू झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला. उमेदवाराच्या धर्माप्रमाणेच मतदाराच्या धर्माच्या नावानंही मत मागणं हा भ्रष्ट आचार ठरला. तो निकाल चर्चच्या फाटकाशी थांबत नाही.

आणि बाकांवरच्या लोकांचं काय? २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. गावं तिच्यात जावीत की नकोत यावरून घराघरांत वाद पेटले; आळीच्या एका टोकाला महापालिकेचे समर्थक, दुसऱ्या टोकाला कट्टर विरोधक, आणि रविवारी मिस्साला दोघंही हजर. निवडणुकीच्या दिवसांत हे चित्र महाराष्ट्रातल्या कुठल्याही मंडळीत दिसतं. आता तर व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका मेसेजवरून भाऊ भावाच्या पोराच्या लग्नाला जात नाही. येशूनं निवडलेल्या बारा जणांत रोमन व्यवस्थेच्या जिवावर जकात गोळा करणारा मत्तय होता आणि लूकच्या यादीत जिलोत म्हणून नोंदलेला, म्हणजे परकीय सत्तेविरुद्ध पेटलेल्यांशी ज्याचं नाव जोडलं जातं तो शिमोनही होता. पंगत एकच होती. त्या दोघांत जेवताना काय बोलणं होत असेल, हे शुभवर्तमान सांगत नाही. पण दोघांपैकी कोणालाही उठून जायला सांगितल्याची नोंद नाही.

धर्माच्या रेषेवर मतं पडतात आणि पडणारच, असं समजणाऱ्यांनी गोव्याचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल पाहावा. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं, हा प्रश्न होता. वेगळं राहण्याच्या ‘दोन पानं’ या चिन्हाला १,७२,१९१ मतं मिळाली, विलीनीकरणाच्या ‘फुला’ला १,३८,१७०. मराठी मनाला तो कौल लागला, हे समजण्यासारखं आहे. पण त्या काळी गोव्यात ख्रिस्ती लोक चाळीस टक्क्यांहूनही कमी होते. नुसत्या त्यांच्या मतांवर हा निकाल लागणं शक्यच नव्हतं. वेगळं राहण्याच्या बाजूचे पुढारी जॅक सिक्वेरा यांच्याबरोबर रवींद्र केळेकर आणि उदय भेंब्रे यांच्यासारखे हिंदू लेखक हिरिरीनं लढले होते.

मोठ्या निवडणुका पाच वर्षांनी येतात. ग्रामसभा मात्र महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरण्याची रीत आहे. गावच्या चर्चच्या फलकावर सणाच्या मिस्साची वेळ लागते, त्याखाली ग्रामसभेची वेळही लागावी. पाळकांनी किंवा फादरांनी उपासनेनंतर ती वाचून दाखवावी, कोणाच्या बाजूनं हात वर करायचा हे सांगू नये. तरुण मंडळानं विषयपत्रिका आधी मिळवावी: पाणीपट्टी, स्मशानभूमी आणि कबरस्तानाची जागा, घरकुलाची यादी, आदिवासी पाड्यावरची शाळा. घरकुलाच्या यादीतून शेजारच्या वस्तीतल्या एखाद्या विधवेचं नाव गळलं असेल, तर ते आधी विचारावं, आणि मग कबरस्तानाच्या भिंतीचा विषय काढावा.