एकशे वीस हेलपाटे



‘संगणकावर तू नेमकं काय करतोस?’ असं कालपासून तिघांनी विचारलं. म्हणून एकच गोष्ट सांगतो.

प्रोग्रामचा एक भाग दुसऱ्याला हाक मारून काम करून घेतो. त्याच यंत्रात ही हाक लागलीच पोचते. 1984 साली झेरॉक्समधल्या बिरेल आणि नेल्सन यांनी दूरच्या यंत्रालाही तशीच हाक मारायची रीत सविस्तर मांडली : रिमोट प्रोसिजर कॉल. लिहिणाऱ्याची मोठी सोय झाली. पण दोन्ही हाका कागदावर सारख्याच दिसतात, आणि अंतर विसरलं जातं.

आपल्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तेच झालं होतं. नाव सांगत नाही. गेटवरच्या काकांना एक चलन काढायला अर्धा मिनिट लागे. ट्रकवाले हॉर्न वाजवत, आणि मालक काकांनाच ‘हात चालत नाही’ म्हणत. त्यांच्या जागी तरुण मुलगा ठेवायचं जवळजवळ ठरलंच होतं.

मी प्रोग्राम उघडला. सुबक लिहिलेला होता, उगाच नावं ठेवणार नाही. चलनावर चाळीस वस्तू. प्रत्येकीचा दर, शिल्लक आणि कर वेगळा विचारायचा. म्हणजे 120 हेलपाटे, आणि सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर! काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन 25 हजार किलोमीटर धरले, तरी एका हेलपाट्याला सेकंदाचा आठवा भाग. 120 चे झाले 15 सेकंद, तेही तार सरळ असेल तर. प्रत्यक्षात दुप्पट. काकांनी बोटं कितीही चालवली तरी काय होणार?

वाण्याकडे आपण यादी पाठवतो, एकेका जिनसासाठी पोराला पळवत नाही. तसंच केलं. सगळी यादी एकदम पाठवली. प्रोग्राम मात्र ओबडधोबड झाला. यादीतली एकच वस्तू अडली तर बाकीच्यांचं काय, हे आता हातानं लिहावं लागलं. शिवाय उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही, असं नसतं; पुन्हा विचारलं तर चलन दोनदा निघेल. म्हणून प्रत्येक मागणीला क्रमांक दिला. रेल्वेची मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद ही आरक्षण केंद्रं 1999 पर्यंत एकमेकांना जोडली गेली, तेव्हा एकच बर्थ दोघांना जाऊ नये ही काळजी त्यांनाही घ्यावी लागलीच असणार.

इतका खटाटोप मी सगळीकडे करत नाही. तो फक्त तार ओलांडायची असेल तिथे. घरातल्या घरात साधंच बरं.

चलन आता दोन सेकंदांत निघतं. काका गेटवरच आहेत. मालक हल्ली ट्रकवाल्यांवर ओरडतात.