आहूखाना : नावात राहिलेला इतिहास



बुऱ्हाणपुरातून तापी ओलांडली की जैनाबाद लागते. तेथील आहूखान्याची आज बहुतेकांना एकच ओळख आहे : मुमताजमहलचे पहिले दफनस्थान. १७ जून १६३१ रोजी ती बुऱ्हाणपुरात निवर्तली. जैनाबादच्या बागेत तिचे दफन झाले आणि डिसेंबरात तिचे पार्थिव आग्र्याकडे नेण्यात आले. अवघ्या सहा महिन्यांच्या या घटनेखाली वास्तूचा बाकीचा इतिहास झाकला गेला आहे.

तिचे नाव मात्र तो इतिहास सांगते. फारसीत 'आहू' म्हणजे हरीण. शहराबाहेर शिकारीसाठी राखलेले रान, बाग, महाल आणि बारादरी असे हे राजघराण्याचे विसाव्याचे ठिकाण होते. त्याच्या उभारणीचे श्रेय अकबराचा पुत्र दानियाल याला दिले जाते. पुढे याच बागेत शाहजादा औरंगजेबाने हिराबाई जैनाबादीला पाहिले, अशी हकीकत अठराव्या शतकातील 'मआसिर-उल-उमरा' या फारसी ग्रंथात आहे.

आता नावांची गंमत पाहा. १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर अकबराने दानियालच्या नावावरून खानदेशाचे 'दानदेश' असे नामकरण केले. बादशहाने दिलेले ते नाव टिकले नाही. आपण आजही खानदेशच म्हणतो. 'आहूखाना' हे नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले.

त्यातला 'खाना' तर आपल्या घरचाच झाला आहे. शिवकाळात 'राज्यव्यवहारकोशा'ने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी कारखाना, तोफखाना, दवाखाना मराठीत नांदतच राहिले. म्हणून आहूखाना समजून घेण्याची अर्धी किल्ली प्रत्येक मराठी मुलाच्या हाती आधीपासूनच आहे. उरलेली अर्धी, म्हणजे 'आहू', शिक्षकांनी द्यावी.

मित्रहो, दगडी भिंत पडायला शतके लागतात. नाव पुसायला एक पिढी पुरते. ते उच्चारणारी माणसे गेली की तेही जाते. तेव्हा तापीच्या दोन्ही काठांवरील बागा, विहिरी, शेते आणि पडके वाडे यांची नावे घरातल्या आजी-आजोबांना विचारा आणि ते उच्चारतात तशीच लिहून ठेवा. अर्थ लगेच लागला नाही तरी चालेल. नाव हाती असले, तर अर्थ शोधणारा उद्या कोणीतरी भेटेल.