शिष्टाचाराची कसोटी

अंबरनाथ पूर्वेहून सकाळच्या लोकलने निघालेला नोकरदार तिघांच्या बाकावर सरकून बसतो आणि पुढे डोंबिवलीला चढलेल्या अनोळखी माणसाला 'चौथी सीट' देतो. कुठल्याही कायद्यात न लिहिलेला हा शिष्टाचार समतेचा आहे. मात्र तोच गृहस्थ कचऱ्याच्या गाडीवरील वयोवृद्ध कामगाराला 'अरे' म्हणतो आणि कचेरीत साहेबाला 'आपण'. एके काळी महारांनी 'जोहार' घालावा, हाही शिष्टाचारच मानला जाई. तो दास्याचा होता. 'जयभीम'ने तो झुगारला. वरच्यापुढे वाकणे म्हणजे सभ्यता नव्हे. ज्याच्याकडून काही मिळवायचे नाही, त्यालाही 'अहो' म्हणावे. समतेचा आरंभ सभेत नव्हे, घराच्या दारात व्हावयास हवा.